टॅटिंगचा हिमकण स्वतः आखताना: टाके ठरवायचे कसे

टॅटिंग म्हणजे शटलने, दोरा भरलेल्या हातात मावणाऱ्या छोट्या साधनाने, गाठींसारखे टाके घेत केलेली लेस. त्याबद्दल वसईच्या एका ताईंचा प्रश्न आहे: "रुमालाला आणि परकराला शटलची लेस मी बरीच वर्षं करते. रिंग, चेन, पिको, जोड सगळं येतं. आता नाताळात झाडावर लावायला बर्फाची चांदणी करायची आहे, तीही कुणाची नक्कल न करता स्वतः आखलेली. पण टाके अंदाजाने घेतले की मधे वाटी होते, वाढवले की कडा लाटा मारते. कुठे किती टाके घ्यायचे हे ठरवतात कसं? आणि मधल्या फेरीतून बाहेरच्या फेरीवर दोरा न तोडता जाता येतं का?"

नवख्यांसाठी आधी एक ओळ: टाके ओढून बंद केलेला गोल ती रिंग, टाक्यांची उघडी पट्टी ती चेन, दोन टाक्यांमध्ये सोडलेला दोऱ्याचा फासा तो पिको, आणि अशा पिकोत दोरा अडकवून दोन भाग एकत्र बांधणं म्हणजे जोड. ताई, तुमचा हात चांगला आहे, वाटी होण्याचा आणि हाताचा काही संबंध नाही. वाटी होते ती हिशेबामुळे. आणि सहा फांद्यांच्या आकृतीत हा हिशेब इतका सोपा आहे की एकदा डोळ्यांनी पाहिला की विसरायचा नाही.

एक रुपयाची एकसारखी सात नाणी घ्या. एक मधे ठेवा, बाकीची त्याच्याभोवती लावा. बरोबर सहा बसतात, फट राहत नाही, एकही दुसऱ्यावर चढत नाही. याचं कारण असं की षटकोनात मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर आणि एका कोपऱ्यापासून शेजारच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर सारखंच असतं. आपल्या कामात याचा अर्थ: मध्यापासून तुम्ही जितक्या लांब आहात, शेजारच्या दोन फांद्यांमध्ये तिथे तितकंच अंतर असणार. मध्यापासून १ सेंटिमीटरवर दोन फांद्या १ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटरवर २. सगळा आराखडा या एका नियमावर उभा करता येतो. मधे आठ रिंगा घेतल्या तर हे जमत नाही, पाच घेतल्या तरी नाही.

तसंही सहापेक्षा वेगळा आकडा हिमकणात मला चालत नाही. आठ टोकांची चांदणी सुंदर दिसते, पण तिला चांदणीच म्हणावं. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६११ साली प्रागमध्ये असताना हाच प्रश्न एका छोट्या पुस्तिकेत मांडला होता, की बर्फाचा कण नेहमी सहा कोनांचाच का पडतो. उत्तर पुढे मिळालं: बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, म्हणून कण वाढतो तोही सहा दिशांना. अमेरिकेत व्हर्मांटमधल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा पहिला फोटो काढला आणि आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त काढले. आखायला बसण्याआधी ते फोटो जरूर पाहा. त्यात एक गोष्ट दिसेल: मोठ्या फांदीला फुटणाऱ्या डहाळ्या काटकोनात फुटत नाहीत, ६० अंशांत फुटतात. आपला नमुना बर्फासारखा दिसतो की फुलासारखा, हे बरंचसं या कोनावर ठरतं. त्याकडे पुढे येतेच.

आधी तुमच्या हाताचं माप घ्या. जो दोरा वापरणार त्याच दोऱ्यावर वीस टाक्यांची, म्हणजे वीस पूर्ण डबल टाक्यांची (दोन अर्ध्या गाठी मिळून एक डबल टाका), पिको नसलेली चेन करा आणि सरळ धरून पट्टीने मोजा. २० नंबरच्या मर्सराइज्ड क्रोशा दोऱ्यावर माझी जवळजवळ २ सेंटिमीटर भरते, म्हणजे एक टाका १ मिलिमीटर. तुमची १८ मिलिमीटर भरली तर टाका ०.९ धरा. पुढचे सगळे आकडे मी १ मिलिमीटरचा टाका धरून देते. हात घट्ट असो वा सैल, प्रमाण तेच राहतं, फक्त कण लहानमोठा होतो.

मग कागद घ्या. कंपासने वर्तुळ काढा आणि कंपास तेवढाच उघडा ठेवून वर्तुळावर सहा खुणा करा. मध्यापासून प्रत्येक खुणेपर्यंत रेघ ओढा, आणि मध्याभोवती दर ५ मिलिमीटरला एक वर्तुळ काढा. आखणी यावरच करायची, आणि शेवटी टाचण्या लावायला हाच कागद कामी येतो. तो जपून ठेवा.

आता पहिली फेरी. सहा रिंगा मध्याकडे तोंड करून, शेजारीशेजारी जोडलेल्या, आणि बाहेरून चेन. रिंग १६ टाक्यांची घेऊ: ४–४–४–४. इथे आडवी रेघ म्हणजे पिको, आणि पुढे जिथे + येईल तिथे जोड. १६ टाक्यांची रिंग ओढून बंद केली की ती थेंबाच्या आकाराची होते, रुंदी साधारण साडेचार मिलिमीटर. जोडाच्या पिकोची जागा धरली तर पाच. नाण्यांचा नियम लावा: रिंगांचे मध्य केंद्रापासून ५ मिलिमीटरवर येणार आणि मधे एका रिंगेएवढी मोकळी जागा राहणार. ती जागा तशीच राहू द्या, भरायला जाऊ नका. रिंगेचं बूड, म्हणजे जिथे ती आवळली जाते तो बिंदू, केंद्रापासून साधारण ८ मिलिमीटरवर येतं. म्हणजे शेजारच्या दोन बुडांमध्ये अंतरही ८ मिलिमीटर. चेनला हे ८ पार करायचे आहेत, पण चेन सरळ जात नाही, तिला कमान हवी. दोन टोकांतल्या अंतराच्या सव्वापट लांबी घेतली की कमान छान बसते असा माझा अनुभव आहे. ८ चे सव्वापट १०. म्हणून चेन ५–५.

तुमची वाटी इथेच होत असणार. चेन ८ टाक्यांची किंवा त्याहून कमी घेतली तर तिला कमान करायला लांबीच उरत नाही. ती रिंगांची बुडं आत ओढते, आणि रिंगांना आत जागा नसल्यामुळे त्या वर उठतात. उलट चेन १४ टाक्यांची घेतली तर कमानी एकमेकींना ढकलतात आणि लाटा येतात. सुधारणा करताना एक आकडा लक्षात ठेवा: सहाही चेनमध्ये एकेक टाका वाढवला की त्रिज्या १ मिलिमीटरने वाढते. षटकोनाची परिमिती त्रिज्येच्या सहापट असते, म्हणून हे इतकं नेमकं जमतं. तेव्हा वाटी होत असेल तर एकदम चार टाके वाढवू नका, एक वाढवून बघा.

पहिल्या रिंगेचे दोन्ही बाजूंचे पिको जोडासाठी आहेत, त्यामुळे छोटे ठेवा, क्रोशाची बारीक सुई जाईल इतकेच. जोडाचा पिको मोठा राहिला तर सगळा हिशेब ढिला पडतो. दुसऱ्या रिंगेपासून ४+४–४–४. सहावी रिंग पाचवीला आणि पहिलीलाही जोडायची आहे, ती ४+४–४+४. हा शेवटचा जोड अनेकींना छळतो, कारण पहिल्या रिंगेचा पिको पीळ खाऊन जोडला जातो. पहिली रिंग दुमडून सहाव्या रिंगेजवळ आणा, जोडा, आणि रिंग आवळण्याआधी काम उलगडून पिकोला पीळ पडला आहे का ते पाहा. पडला असेल तर जोड त्याच वेळी सोडवता येतो. आवळल्यावर सोडवणं फार जिवावर येतं.

आता दोरा न तोडता बाहेर पडायचं. सुरुवातीलाच दोन्ही शटलं एकाच सलग दोऱ्याच्या दोन टोकांवर भरा, मधे कापू नका. पहिल्या शटलवर साधारण ४ मीटर, दुसऱ्यावर ३ मीटर पुरे होतो. पहिलं शटल रिंगांचं, दुसऱ्याचा दोरा चेनसाठी हातावर. सुरुवातीची गाठ यामुळे वाचते आणि शेवटी लपवायला दोनच टोकं राहतात. पाच चेन नेहमीसारख्या करा. सहावीचे पहिले ५ टाके नेहमीसारखे घ्या आणि तिथे थांबा. आता पहिल्या शटलचा दोरा पहिल्या रिंगेच्या बुडाशी न्या आणि क्रोशाच्या सुईने तिथे लॉक जोड (दोरा मागेपुढे सरकू न देणारा जोड) करा, पण मधे ५ मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त दोरा मोकळा ताणलेला राहू द्या. त्या मोकळ्या दोऱ्यावर त्याच शटलने उलट दिशेने, म्हणजे बुडाकडून चेनच्या मध्याकडे, ५ डबल टाके हाताने गुंफत या. हे टाके नेहमीसारखे पलटवायचे नाहीत, शटलचाच दोरा वर गुंडाळला गेला पाहिजे. याला स्प्लिट चेन म्हणतात. ती पुरी झाली की तुम्ही नेमक्या चेनच्या मध्यावर येता. पुढची फेरी इथूनच निघते. पहिल्यांदा करताना हे टाके थोडे वेगळे दिसतील. ताण सारखा ठेवला की धुऊन ताणल्यावर फरक शोधावा लागतो.

चेनच्या कमानीचा माथा केंद्रापासून साडेनऊ-दहा मिलिमीटरवर येतो. १० धरू. म्हणजे शेजारच्या दोन माथ्यांत अंतर १०, आणि या दोन माथ्यांच्या मधून एक फांदी उठवायची आहे: एका माथ्यावरून चेन वर, टोकाला तीन रिंगांचा गुच्छ, मग चेन खाली पुढच्या माथ्यावर. जाणारी आणि येणारी चेन मधे एकमेकींना जोडल्या तर बुडाशी एक खिडकी आणि तिच्यावर बारीक देठ तयार होतो. बेंटलीच्या फोटोतल्या फांद्यांची आठवण यानेच येते.

मनात सहज येणारा आकडा ५–५ आहे, कारण पहिल्या फेरीत तोच होता. पण मोजून बघा. जोडापर्यंत जाताना ५, येताना ५, एकूण १०, आणि पार करायचं अंतरही १०. मग उंची कुठून येणार? चेन आडवी ताणली जाते, माथे एकमेकांकडे ओढले जातात आणि सपाट झालेल्या पहिल्या फेरीची पुन्हा वाटी होते. म्हणून जोडापर्यंत ८ टाके घ्यायचे. अर्धं अंतर ५ आणि तिरकी बाजू ८ म्हटलं की उंची सव्वासहा मिलिमीटर निघते. चेन थोडी वाकते ते वजा करा, साडेपाच तरी हातात राहते. जोडानंतर देठासाठी ४. म्हणजे जाताना ८–४ आणि येताना ४+८.

स्प्लिट चेन संपली की काम उलटवा, चेनच्या पहिल्या टाक्याआधी दोऱ्यात एक पेपर क्लिप अडकवा. शेवटी दोन्ही टोकं ओवायला तिथे फट राहते. चेन ८–४. काम उलटवा. पहिल्या शटलने तीन रिंगा, मधे दोरा अजिबात न सोडता: पहिली ५–३–४, मधली ४+३–३–४, तिसरी ४+३–५. काम उलटवा. चेन ४, जाताना ठेवलेल्या पिकोला जोड, आणखी ८. मग पहिल्या फेरीतल्या पुढच्या चेनच्या मधल्या पिकोला शटलच्या दोऱ्याने लॉक जोड. अशा सहा फांद्या. शेवटी क्लिप काढून तिथे ओवून गाठ मारा.

या फांदीत चेनचे पिको आतल्या बाजूला, एकमेकांसमोर येतात आणि गुच्छ बाहेर येतो. आखताना हा नियम फार उपयोगी पडतो: चेनच्या ज्या बाजूला पिको असतात त्या बाजूला रिंग हवी असेल तर काम न उलटवता दुसऱ्या शटलने करा. विरुद्ध बाजूला हवी असेल तर काम उलटवून पहिल्या शटलने. दोन शटलं घ्यायला मी सांगितलं ते एवढ्यासाठी. वरचा नमुना शटल आणि दोऱ्याच्या गुंडीवरही होईल, पण दोन शटलं असली की खिडकीत एखादी इवली रिंग टाकावीशी वाटली तर तुम्ही अडत नाही. देठाला बाहेरच्या बाजूने डहाळी हवी असेल तर जाताना जोडाच्या पिकोनंतर २ टाके घेऊन काम उलटवा, ३–३ ची रिंग करा, पुन्हा उलटवून उरलेले २ टाके पुरे करा. येताना याचंच प्रतिबिंब.

आता ६० अंशांची गोष्ट. तीन रिंगांच्या गुच्छात बाजूच्या दोन रिंगा नेहमी आडव्या पडायला बघतात, मग तो तीन पानांचा बेलासारखा दिसतो. ते आवरायचं साधन म्हणजे रिंगांमधल्या जोडाची जागा. जोड बुडाकडे असला तर रिंगा फाकतात, टोकाकडे सरकवला तर मिटतात. वरच्या आकड्यांत जोड बुडापासून ४ टाक्यांवर आहे. तुमच्या हातात रिंगा जास्तच फाकत असतील तर एकूण टाके तेवढेच ठेवून जोड ५ वर न्या: ५–२–५, ५+२–२–५, ५+२–५. फक्त एक टाका सरकतो, पण सबंध कणाचा चेहरा बदलतो. नमुना पुरा झाला की याच एका जागी मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

मधल्या रिंगेच्या टोकाचा पिको लांब ठेवा, ५ मिलिमीटर. बाजूच्या रिंगांचे बाहेरचे पिको ३. जाड कागदाच्या तेवढ्या रुंदीच्या पट्ट्या कापून त्यांच्यावरून पिको घ्या, डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. सहा फांद्या आहेत, त्यामुळे एक पिको आखूड पडला तर तो शेजारच्या पाचांमुळे लगेच दिसतो. बाकी पिको वाढवायचा मोह टाळा. हिमकणात मोकळी जागा दिसली पाहिजे. देठाच्या वरच्या टोकाशी आपण केंद्रापासून जवळजवळ १९ मिलिमीटरवर असतो, तिथे दोन फांद्यांत अंतरही १९. बाजूच्या रिंगा दोन्हीकडून मिळून त्यातलं साधारण अर्धं घेतात, अर्धं मोकळं राहतं. मला हे प्रमाण आवडतं.

एकूण टाके मोजायचे तर पहिल्या फेरीत १५६ आणि दुसरीत ३७२, मिळून ५२८. कण साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास होतो. मोठा हवा असेल तर टाके वाढवण्याआधी १० नंबरच्या दोऱ्यावर करून बघा, आकडे न बदलता मोठा होईल. ४० नंबरवर तो कानातल्याला शोभेल इतका नाजूक होतो. जरीचा किंवा चमकीचा दोरा एकटा वापरू नका, तो रिंग आवळताना घासतो, उसवतो आणि रिंग पुरी बंदच होत नाही. चमक हवी असेल तर पांढऱ्या सुती दोऱ्याबरोबर एक बारीक चंदेरी तार जोडीने शटलवर भरा आणि रिंगा लहान ठेवा.

पहिला कण झाला की लगेच खळ करू नका. कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा, कारण हाताचा घाम आणि मळ दोऱ्यात असतोच आणि खळ केल्यावर तो पिवळा होऊन दिसतो. ओला असतानाच थर्माकोलवर तुमचा तो षटकोनी कागद, त्यावर पातळ प्लॅस्टिक आणि त्यावर कण ठेवा. टाचण्या न गंजणाऱ्या हव्यात. आधी मध्य, मग समोरासमोरची टोकं जोडीजोडीने, मग कमानींचे माथे, आणि शेवटी पिको. कण सपाट आहे की नाही हे इथे खरं कळतं: टाचण्या काढल्यावर तो स्वतःहून तसाच पडून राहिला तर आकडे बरोबर. पुन्हा वर उठला तर कुठल्या फेरीपासून उठतो ते पाहा आणि त्याच फेरीच्या चेनमध्ये एक टाका वाढवा. खळ करून वाटी दाबता येते, पण पुढच्या दमट हवेत ती परत वर येतेच.

कडकपणासाठी घरातली साबुदाण्याची घट्ट खळ चालते, ती गाळून घ्या म्हणजे पिकोत गुठळ्या अडकत नाहीत. जुन्या पद्धतीत साखरेचा पाक लावत. आपल्याकडे मुंग्यांमुळे तो नको, आणि किनाऱ्याच्या हवेत तो चिकटही होतो. वसईत राहून वर्षानुवर्षं टिकवायचे असतील तर पांढरा फेव्हिकॉल एक भाग आणि पाणी दोन भाग हे मिश्रण मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. कण त्यात बुडवून टिपकागदावर दाबून जादा पाणी काढा, पिकोमध्ये पडदा धरला असेल तर हलकी फुंकर मारा, आणि पुन्हा टाचण्या लावून रात्रभर सुकू द्या. मात्र जो कण पुढे कधी कपड्यावर शिवायचा असेल त्याला फेव्हिकॉल लावू नका, त्याला खळच बरी.

टांगायचा दोरा मधल्या रिंगेच्या लांब पिकोत ओवा, पण पिको एकेरी दोऱ्याचा असतो आणि वजनाने ताणला जातो, म्हणून ओवताना रिंगेच्या टाक्यांखालूनही एकदा घ्या. पातळ नायलॉनचा दोरा वापरला तर कण अधांतरी दिसतो. नाताळ झाला की कण पातळ कागदाच्या घड्यांत सपाट ठेवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यानंतर खळीचे कण मऊ पडलेले आढळले तर धुऊन, त्याच कागदावर टाचून पुन्हा खळ केली की पूर्ववत होतात.